व्हॉक्सेल पडद्यावर चौकोनी दिसतो, सिग्नल मात्र त्या चौकोनापुरता नसतो

प्रश्न थोडक्यात असा: ३ टेस्लाच्या स्कॅनरवर मेंदूचं द्विमितीय प्रोटॉन एमआरएसआय करतो, म्हणजे एका स्लाइसमधल्या प्रत्येक छोट्या चौकटीत (व्हॉक्सेलमध्ये) कुठलं रसायन किती आहे याचा नकाशा काढतो. एफओव्ही (मोजायचं क्षेत्र) १६० मिमी, मॅट्रिक्स (त्या क्षेत्राचे भाग) १६ × १६, स्लाइसची जाडी १५ मिमी, प्रेस या रेडिओ पल्सच्या क्रमाने निवडलेला बॉक्स ८० × ८० मिमी, टीआर (दोन उत्तेजनांमधला वेळ) १५०० आणि टीई (उत्तेजनापासून सिग्नलपर्यंतचा वेळ) १४४ मिलिसेकंद. एमआरआयवर निरोगी दिसणाऱ्या, गाठीबाहेरच्या भागातही कोलीन (गाठीत वाढणारं रसायन) वाढलेलं येतं. शिवाय बॉक्सच्या मधल्या काही व्हॉक्सेलमध्ये १.३ पीपीएमला (पीपीएम हे स्पेक्ट्रमवरची जागा सांगायचं एकक) शिखर दिसतं, कुठे सरळ, कुठे उलटं. मॅट्रिक्स ३२ × ३२ केलं तर प्रत्येक सिग्नल आपापल्या जागी येईल का?

तेवढ्याने येणार नाही. तुमच्या वर्णनावरून तीन वेगळी दुखणी एकत्र आलेली दिसतात: के-स्पेस (फूरिए रूपांतराआधीचा कच्च्या मोजमापांचा तक्ता) अपुरा भरल्यामुळे होणारी गळती, रासायनिक शिफ्टमुळे (प्रत्येक रसायनाची फ्रिक्वेन्सी वेगळी असल्यामुळे) सरकणारा बॉक्स, आणि कवटीवरच्या कातडीखालच्या चरबीचा प्रचंड सिग्नल. पडद्यावर तिन्हींचं रूप सारखंच, भलतीकडचं शिखर भलतीकडे. पण प्रत्येकाचं औषध निराळं आहे, आणि कुठलं दुखणं कुठलं हे ओळखल्याशिवाय प्रोटोकॉल बदलला की सहा महिन्यांनी आपण पुन्हा तिथेच असतो. म्हणून मी आधी ओळखायचं कसं यावर बोलेन आणि मग काय बदलायचं यावर.

त्याआधी ३२ × ३२ चा हिशेब मांडून टाकू. आत्ता सिग्नलची जागा ठरवणारे २५६ फेज एन्कोडिंग टप्पे, प्रत्येकी दीड सेकंद, म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद. ३२ × ३२ ला १०२४ टप्पे, २५ मिनिटं ३६ सेकंद. व्हॉक्सेल १.५ मिलिलिटरवरून ०.३७५ मिलिलिटरवर येतो. सिग्नल आकारमानाच्या प्रमाणात घटतो आणि जास्त वेळेचा फायदा मात्र वर्गमुळानेच मिळतो, त्यामुळे चौपट वेळ मोजूनही सिग्नल-नॉइज गुणोत्तर निम्म्यावर येतं. पूर्वीइतकं गुणोत्तर परत हवं असेल तर रुग्णाला जवळजवळ पावणेदोन तास आत ठेवावं लागेल. ते कोणी करणार नाही, करूही नये.

आता गळतीचं मूळ. एमआरएसआयमध्ये स्लाइसच्या प्रतलातली जागा ठरते ती फेज एन्कोडिंगने. १९८२ मध्ये ब्राउन, किनकेड आणि उगुरबिल यांनी ही कल्पना मांडली, तेव्हापासून गणित तेच आहे. एका दिशेला १६ टप्पे घेतले म्हणजे के-स्पेसचा मधला एक तुकडा मोजला आणि बाहेरचं सगळं शून्य धरलं. या कापलेल्या तुकड्याचं फूरिए रूपांतर म्हणजे पॉइंट स्प्रेड फंक्शन, आपल्या रोजच्या बोलण्यातलं पीएसएफ. मेंदूतला एक बिंदू तुमच्या नकाशावर कसा पसरतो हे ते सांगतं. तुमच्या १० मिमीच्या व्हॉक्सेलसाठी मधल्या उंचवट्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी १२ मिमी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाणाऱ्या लाटा आहेत, चिन्ह दर वेळी पालटणाऱ्या, आणि पहिली लाट मुख्य उंचीच्या सुमारे २१ टक्के. एमआरआयमध्ये २५६ टप्पे असल्याने हाच परिणाम कडेला बारीक रेघांच्या रूपात दिसतो आणि आपण त्याकडे काणाडोळा करतो. इथे १६ च टप्पे आहेत, काणाडोळा करता येत नाही.

या लाटा लांबवर पोचतात हे लक्षात येण्यासाठी तुमच्याच ग्रिडवरचा एक आकडा काढून बघा. एका ओळीत, साडेपाच व्हॉक्सेल दूर, म्हणजे ५५ मिमीवर असलेल्या बिंदूचा जवळजवळ ७ टक्के सिग्नल तुमच्या व्हॉक्सेलमध्ये येतो. शेजारच्या ऊतीच्या बाबतीत ७ टक्के एकवेळ चालतील. पण कवटीवरच्या चरबीचा सिग्नल मेटाबोलाइट्सच्या (मेंदूतल्या मोजायच्या रसायनांच्या) कैक पटींनी मोठा असतो. त्याचे ७ टक्के म्हणजे एनएए (निरोगी चेतापेशींची खूण असलेलं रसायन) आणि कोलीन दोन्ही त्याखाली बुडून जातात. चरबी एका बिंदूत नसून कड्यासारखी पसरलेली असते, त्यामुळे लाटा एकमेकींना थोड्याफार खोडतात. पूर्ण खोडत नाहीत, आणि जे उरतं ते नेमकं बॉक्सच्या मध्याशी कुठेतरी उगवतं.

याच लाटांमुळे चिन्हाचा गोंधळ होतो, आणि तुमचं "कुठे सरळ, कुठे उलटं" शिखर मला याच कारणाने खटकलं. टीई १४४ ला लॅक्टेटचं दुहेरी शिखर १.३३ पीपीएमला उलटं येतं, चरबी मात्र सरळ राहते, हे आपण सगळे शिकलेलो असतो आणि त्यावर डोळे मिटून विसंबतो. पण गळून आलेल्या चरबीची दिशा लाटेच्या चिन्हावर ठरते. एका व्हॉक्सेलमध्ये ती सरळ, पुढच्यात उलटी. उलट्या चरबीला लॅक्टेट समजणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महागडी चूक आहे असं मी मानतो, कारण तिच्या जोरावर गाठीची प्रत (ग्रेड) ठरवली जाते.

अशी एक केस मी स्वतः पाहिली आहे. खोल पांढऱ्या भागातल्या एका व्हॉक्सेलमध्ये १.३ ला छान उलटं शिखर होतं आणि अहवालात लॅक्टेट लिहून झालं होतं. मला शंका आली ती शिखराच्या आकारामुळे. त्याची दोन टोकं वेगळी दिसत नव्हती, एक खांदा तिरका होता, आणि ते जिथे असायला हवं तिथून किंचित सरकलेलं होतं. कवटीजवळचं चुंबकीय क्षेत्र आतल्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून बाहेरून आलेली चरबी आपली मूळची फ्रिक्वेन्सी आणि फेज सोबत घेऊन येते. मग ग्रिड सरकवायला घेतली. के-स्पेसमधल्या प्रत्येक बिंदूला त्याच्या जागेनुसार फेज दिला की फूरिए रूपांतरानंतर पूर्ण ग्रिड हव्या तेवढ्या मिलिमीटरने सरकते. नवा स्कॅन लागत नाही, डेटा तोच राहतो. दोन-दोन मिलिमीटरने पुढे नेलं. एनएए, क्रिएटीन, कोलीन अगदी सावकाश, समंजसपणे बदलत गेले. १.३ चं शिखर मात्र लहान होत होत नाहीसं झालं आणि पुढच्या दोन पावलांत दुसऱ्या बाजूला सरळ उभं राहिलं. खरं लॅक्टेट असं कधीच करणार नाही. त्याच रुग्णाचा सॅट बँड (नको त्या भागाचा सिग्नल आधीच दाबणारे पट्टे) नीट लावून पुन्हा स्कॅन केला तेव्हा ते शिखर उरलं नाही, आणि अहवाल बदलावा लागला.

ही चाचणी तुमच्या जुन्या डेटावर आजच करून बघा. व्हॉक्सेल सरकवण्याची सोय बहुतेक कन्सोलवर असते, नसेल तर कच्चा डेटा बाहेर काढून चार ओळींचा प्रोग्राम पुरतो. शिखर पावलागणिक वरखाली झुलत असेल तर ते गळतीचं. सावकाश बदलत असेल तर ते तिथलंच, निदान त्याच्या शेजारचं.

कोलीनची गोष्ट वेगळी असण्याची दाट शक्यता आहे. वाढलेलं कोलीन नेहमी बॉक्सच्या एकाच कडेला येतं का, हे आधी तपासा. रुग्ण बदलला, गाठीची जागा बदलली, तरी डावीकडची किंवा पुढची कडच जर जास्त कोलीन दाखवत असेल तर रोग मेंदूत नाही, पल्समध्ये आहे.

कारण असं. फेज एन्कोडिंगने ठरलेल्या जागेवर रासायनिक शिफ्टचा परिणाम होत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण बॉक्स निवडणारे पल्स फ्रिक्वेन्सीवर चालतात, आणि प्रत्येक मेटाबोलाइटची फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणून प्रत्येकाचा बॉक्स वेगळ्या जागी पडतो. किती वेगळ्या? फ्रिक्वेन्सीतला फरक भागिले पल्सची बँडविड्थ, गुणिले बॉक्सची लांबी. ३ टेस्लाला १ पीपीएम म्हणजे जवळपास १२८ हर्ट्झ. एनएए २.० ला, कोलीन ३.२ ला, फरक १५३ हर्ट्झ. प्रेसमधल्या १८० अंशांच्या पल्सची बँडविड्थ १२०० हर्ट्झ धरली तर सरकणं जवळपास १३ टक्के. ८० मिमीच्या बॉक्सवर ते १० मिमी होतं, म्हणजे तुमचा बरोब्बर एक पूर्ण व्हॉक्सेल. एका कडेच्या ओळीत कोलीन उत्तेजित होतं पण एनएए होत नाही, समोरच्या कडेला नेमकं उलट. त्या पहिल्या ओळीतलं कोलीन आणि एनएए यांचं गुणोत्तर निरोगी माणसातसुद्धा गाठीसारखं दिसणार. बॉक्स जितका मोठा तितकं सरकणं मोठं, हे विसरून लोक आणखी निरोगी भाग घ्यायचा म्हणून बॉक्स वाढवतात आणि दुखणं वाढवून ठेवतात.

चरबीसाठी हेच गणित आणखी वाईट निघतं. पल्सची मध्य फ्रिक्वेन्सी पाण्यावर, ४.७ पीपीएमला ठेवली असेल तर १.३ ची चरबी ४३४ हर्ट्झ दूर पडते. तिचा बॉक्स ३६ टक्के, म्हणजे २९ मिमी सरकतो. तुम्ही कवटीपासून एक सेंटिमीटर सोडून काळजीपूर्वक आखलेला बॉक्स चरबीच्या दृष्टीने थेट कातडीवर जाऊन बसलेला असतो. मध्य फ्रिक्वेन्सी २.६ पीपीएमला आणली की एनएए आणि कोलीन दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी सरकतात आणि चरबी ११ मिमी. काही कन्सोलवर या सेटिंगला डेल्टा फ्रिक्वेन्सी म्हणतात. एकही पैसा आणि एकही मिनिट न लागता होणारी सुधारणा हीच आहे, तरी कित्येक प्रोटोकॉलमध्ये ती शून्यावर पडून असलेली मी पाहिली आहे. त्याच्या जोडीला निवड-ग्रेडियंटची (बॉक्स निवडताना चुंबकीय क्षेत्राला दिलेल्या उताराची) दिशा बघा. ती उलटवली तर चरबीचा बॉक्स उलट दिशेला सरकतो, तेव्हा जवळची कवटी जिकडे आहे त्याच्या विरुद्ध बाजूला तो जाईल अशी दिशा निवडा.

यावरचा खरा उपाय म्हणजे रुंद बँडविड्थचे पल्स. प्रेस १९८७ पासून आहे आणि त्याच्या साध्या पल्सची मर्यादा आता सगळ्यांना माहीत आहे. सेमी-लेसर या दुसऱ्या पल्स-क्रमात १८० अंशांचे पल्स अॅडियाबॅटिक असतात आणि जोड्यांनी दिले जातात. त्यांची बँडविड्थ कित्येक पटींनी जास्त असते आणि शक्ती थोडी कमी-जास्त झाली तरी ते आपलं काम बिघडू देत नाहीत. गोइया जातीचे पल्स वापरले तर १० किलोहर्ट्झच्या पुढे जाता येतं, आणि तुमचा १० मिमीचा घोळ सव्वा मिमीच्या आत येतो. मेंदूच्या प्रोटॉन स्पेक्ट्रोस्कोपीवरच्या २०१९ च्या सहमती-निबंधातही ३ टेस्लासाठी सेमी-लेसरचीच शिफारस आहे. स्कॅनरवर ते उपलब्ध असेल तर दुसरा विचार करू नका. किंमत म्हणून ऊतींत साठणारी रेडिओ ऊर्जा वाढते, त्यामुळे टीआर फार खाली नेता येत नाही. लॅक्टेटलाही याचा थेट फायदा आहे. त्याचं १.३३ चं दुहेरी शिखर ४.१ पीपीएमच्या प्रोटॉनशी जोडलेलं असतं. साध्या प्रेसमध्ये हे दोघे इतके लांब पडतात की बॉक्सच्या काही भागात एकालाच पल्स लागतो, दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे ३ टेस्लाला टीई १४४ चं उलटं लॅक्टेट अपेक्षेपेक्षा बरंच लहान येतं. म्हणजे तुमच्या सध्याच्या स्कॅनमध्ये खोटं लॅक्टेट दिसू शकतं आणि खरं दडू शकतं, दोन्ही एकाच वेळी.

सेमी-लेसर नसेल तर प्रेसचा बॉक्स मुद्दाम हव्या त्यापेक्षा प्रत्येक दिशेला २० ते ३० टक्के मोठा आखा आणि जास्तीच्या कडा अत्यंत तीव्र धारेच्या सॅट बँडने कापून टाका. मग उरलेल्या भागात सगळे मेटाबोलाइट्स सारखेच उत्तेजित झालेले असतात, आणि बॉक्सची कड प्रेसऐवजी सॅट बँड ठरवतात, ज्यांची बँडविड्थ कितीतरी मोठी असते. हेही जमत नसेल तर निदान बॉक्सच्या कडेची एक ओळ वाचूच नका. अहवाल देणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ती ओळ दिसणारच नाही अशी व्यवस्था केलेली बरी, कारण दिसली की तिचा अर्थ लावायचा मोह होतो.

सॅट बँडबद्दल आणखी दोन शब्द. ते कवटीच्या वळणाबरोबर तिरके, सहा ते आठ लावावेत आणि त्यांची फ्रिक्वेन्सी चरबीवर बेतलेली असावी. हे हाताने नीट करणारा तंत्रज्ञ तीन-चार मिनिटं घेतो. ती वसूल होतात. स्लाइसचा कोन ठरवताना डोळ्यांमागची चरबी आणि कवटीचा तळ टाळा. १५ मिमी जाडीत वर-खाली काय येतंय हे फक्त एका आडव्या चित्रावर कळत नाही, उभ्या दोन्ही प्रतलांत बघूनच स्लाइस ठेवा. खूप वेळा "गूढ" चरबी ही स्लाइसच्या खालच्या कडेने आत आलेली असते.

आता पीएसएफ सुधारायचं. हॅमिंग फिल्टर सगळ्यांना माहीत असतो: के-स्पेसच्या मध्याला पूर्ण वजन, कडेला ८ टक्के. तुमच्या ग्रिडवर साडेपाच व्हॉक्सेल दूरची ती ७ टक्क्यांची लाट याने १ टक्क्याच्या खाली येते. ३२ × ३२ केलं असतं तर त्याच ५५ मिमी अंतराच्या आसपासची लाट साधारण निम्मी झाली असती. हॅमिंगने ती आठ पटींनी उतरते, तेही फुकट. फुकट म्हटलं खरं, पण मुख्य उंचवटा रुंदावतो: १२ मिमीऐवजी १८. गाठीच्या कडेजवळचं निरोगी ऊतक मग गाठीत मिसळणारच. म्हणून नुसता फिल्टर लावून थांबू नका. फिल्टर सोसेल इतकं मॅट्रिक्स घ्या.

इथे मॅट्रिक्स वाढवणं योग्य आहे, मात्र बेताने आणि वेगळ्या कारणासाठी. १६० मिमीवर २४ × २४ घेतलं तर नाममात्र व्हॉक्सेल ६.७ मिमी होतो आणि हॅमिंगनंतर प्रत्यक्ष रुंदी १२ मिमी. म्हणजे आज जी रुंदी आहे तीच, पण लाटांशिवाय. के-स्पेसचे चार कोपरे गाळले तर टप्पे ५७६ वरून ४५० च्या आसपास येतात आणि रुंदी जरा वाढून १३ मिमीच्या जवळ जाते. हा सौदा मी नेहमी करतो.

फिल्टर नंतर लावण्याऐवजी मोजतानाच लावावा, म्हणजे मध्यावरचे टप्पे जास्त वेळा आणि कडेचे कमी वेळा मोजावेत. याला अॅक्विझिशन वेटिंग म्हणतात. सगळे टप्पे सारख्या कष्टाने मोजायचे आणि मग कडेच्या मोजमापांना ८ टक्के किंमत द्यायची, यात कष्ट वाया जातात. चौरस के-स्पेसवर दोन्ही दिशांना हॅमिंग लावला तर त्याच वेळेत मिळू शकणाऱ्या सिग्नल-नॉइजपैकी सुमारे एक चतुर्थांश असा हातचा जातो. व्यवहारात मध्यावर तीन, त्याभोवती दोन, कडेला एक, कोपरे शून्य, आणि उरलेला फरक हलक्या फिल्टरने भरून काढायचा. २४ × २४ ला असे साधारण ६०० टप्पे होतात. टीआर १२०० केला तर १२ मिनिटं. ती जास्त वाटत असतील तर २० × २० घ्या: साडेआठ मिनिटांत होतं, प्रत्यक्ष रुंदी साडेपंधरा मिमीच्या आसपास येते आणि गळती तितकीच कमी राहते. रुग्ण अस्वस्थ असेल तर मी बेधडक दुसरा पर्याय निवडतो. हललेल्या रुग्णाचा १२ मिनिटांचा स्कॅन कोणाच्याच कामाचा नसतो. टीआर बदलला की टी-१ चा (उत्तेजनानंतर सिग्नल पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेचा) परिणाम बदलतो, त्यामुळे निरोगी लोकांवरचे तुमचे जुने संदर्भ आकडे तसेच वापरू नका, पुन्हा घ्या.

न मोजलेल्या टप्प्यांच्या जागी शून्य भरून ३२ × ३२ किंवा ६४ × ६४ चा नकाशा काढणं हे रेझोल्यूशन वाढवणं नाही. नकाशा डोळ्यांना गुळगुळीत होतो, सोयीचा होतो, त्याला माझी हरकत नाही. पण आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अशा नकाशावर गाठीची सीमा मिलिमीटरमध्ये मोजलेली पाहिली की मला काळजी वाटते.

इको-प्लॅनर, स्पायरल किंवा वर्तुळाकार मार्ग वापरून एकाच टीआरमध्ये जागा आणि स्पेक्ट्रम दोन्ही मोजता येतात, आणि तिथे मोठं मॅट्रिक्स खरोखर परवडतं. पूर्ण डोक्याचं त्रिमितीय मोजमाप करायचं असेल तर दुसरा मार्गच नाही. उत्तेजनानंतर लगेच मोजणाऱ्या एफआयडी पद्धतीत तर बॉक्सच नसतो, त्यामुळे बॉक्स सरकण्याचा प्रश्न मिटतो. चरबी मात्र सगळी आत येते, आणि तिला कडेला डांबून ठेवायला ६४ × ६४ सारखं मॅट्रिक्स लागतंच. समांतर इमेजिंगने (अनेक कॉइलनी एकदम मोजून) वेळ कमी करताना सावध राहा. कॉइलच्या संवेदनशीलतेचा नकाशा कवटीपाशी जरा चुकला तरी अर्ध्या एफओव्हीवरची चरबी दुमडून थेट मेंदूच्या मध्यावर येते, आणि ती गळतीपेक्षा जास्त ठसठशीत दिसते. तुमच्या कामाला, एका स्लाइसमधल्या एका गाठीला, साधं वजन दिलेलं फेज एन्कोडिंग पुरेसं आहे.

शिमकडे (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याकडे) लोक रेषेच्या रुंदीपुरतं बघतात, पण तो जागेचाही प्रश्न आहे. एखाद्या कोपऱ्यात, विशेषतः नाकाशेजारच्या हवेच्या पोकळ्यांजवळ, क्षेत्र १०० हर्ट्झने वेगळं असेल तर १२०० हर्ट्झच्या पल्ससाठी तिथली बॉक्सची कड ८ टक्के हलते. वाकडा बॉक्स पडद्यावर सरळच काढलेला दिसतो. शिम करण्याचा भाग मेंदूपुरता ठेवा, त्यात कातडी घेऊ नका. या आकाराच्या बॉक्ससाठी पाण्याची रेषा २० हर्ट्झच्या आत आली नाही तर मी स्कॅन सुरू करत नाही, जागा बदलतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. डिफ्युजन किंवा फंक्शनल स्कॅननंतर लगेच एमआरएसआय लावू नका. त्या स्कॅनमध्ये ग्रेडियंट तापतात, नंतर थंड होत असताना मुख्य क्षेत्र हळूहळू सरकत राहतं, आणि दहा मिनिटांच्या मोजमापात सुरुवातीच्या व शेवटच्या टप्प्यांची फ्रिक्वेन्सी जुळत नाही. पीएसएफ त्यानेही पसरतं, पाण्याचं दमनही बिघडतं. अॅनाटॉमी झाली की एमआरएसआय, बाकी नंतर. मधूनमधून फ्रिक्वेन्सी आणि डोक्याची स्थिती टिपणारा नॅव्हिगेटर उपलब्ध असेल तर तो चालू ठेवा.

पुनर्रचनेच्या बाजूने काय करता येईल, हेही तुम्ही विचाराल. चरबी कातडीत असते आणि मेटाबोलाइट्स मेंदूत, एवढी माहिती गणितात घातली तरी बरंच साधतं. मेंदूतला स्पेक्ट्रम आणि कातडीतला चरबीचा स्पेक्ट्रम एकमेकांशी काटकोनात असावेत अशी अट घालून गळती काढण्याची पद्धत मी वापरतो. ती २ पीपीएमच्या वरच्या शिखरांना फारसा धक्का लावत नाही. पण १.३ ला खरं लॅक्टेट असेल तर त्याचाही काही भाग खाऊन टाकते, म्हणून लॅक्टेट हाच प्रश्न असेल तर हिच्या भरवशावर राहू नका. सॅट बँडने मुळातच चरबी येऊ न देणं केव्हाही चांगलं.

एमआरआयची सीमारेषा वापरून स्पेक्ट्रम काढायची कल्पना जुनी आहे. १९८८ मध्ये हू, लेव्हिन, लॉटरबर आणि स्प्रॅगिन्स यांनी स्लिम या नावाने ती मांडली: एमआरआयवर कप्पे आखा, प्रत्येक कप्प्यात एकच स्पेक्ट्रम आहे असं धरा, मग थोड्याच फेज टप्प्यांत त्या कप्प्यांचे स्पेक्ट्रम सोडवता येतात. कल्पना सुंदर आहे आणि तिची अडचणही तिच्यातच आहे. कप्पा आतून एकसारखा नसेल, किंवा क्षेत्र एकसारखं नसेल, तर चूक शेजारच्या कप्प्यात जाते. पुढे आलेल्या सामान्यीकृत स्लिमपासून स्पाइसच्या उपअवकाश पद्धतीपर्यंत सगळ्यांनी ही अट सैल करत आणली, आणि आजच्या उच्च रेझोल्यूशनच्या नकाशांमागे ते काम आहे.

गाठीच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. एमआरआयच्या सीमेवर मेटाबोलाइटची सीमा बेतणारी कुठलीही पद्धत, मग ती नियमनाची (गणिताला आधीच अट घालणारी) असो की शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कची, डॉक्टरांना जे जाणून घ्यायचं आहे नेमकं तेच झाकू शकते. ग्लायोमा एमआरआयवर दिसणाऱ्या सीमेपलीकडे झिरपतो. एमआरएसआय मागवतात ते बऱ्याचदा तेवढ्याचसाठी. आणि आपण जर गणिताला सांगितलं की कोलीनने त्या सीमेवर थांबावं, तर ते थांबेल. नकाशा देखणा होईल आणि झिरपलेला भाग निरोगी दिसेल. म्हणून तुमच्या प्रश्नातलं गाठीबाहेरचं कोलीनही सरसकट पुसायच्या मागे लागू नका. बॉक्स सरकण्याचा भाग काढला, लाटा दाबल्या, आणि तरी ते गाठीला लागून, प्रत्यक्ष पीएसएफच्या पोचेपलीकडे शिल्लक राहिलं, तर ते खरं असू शकतं. त्याकडे रेडिओलॉजिस्टचं लक्ष वेधा.

बदललेला प्रोटोकॉल रुग्णावर लावण्याआधी फॅन्टमवर (द्रावण भरलेल्या चाचणीच्या गोलावर) घ्या. मेटाबोलाइट्सच्या गोलाच्या बाहेर, कवटी जिथे असते तितक्या अंतरावर, खाद्यतेलाची एक नळी चिकटवा. बऱ्याच तयार मेंदू-फॅन्टममध्ये लॅक्टेट घातलेलं असतं, ते १.३ च्या चाचणीला निरुपयोगी. लॅक्टेट नसलेलं द्रावण वापरा. गोलाच्या मध्याच्या व्हॉक्सेलमध्ये १.३ ला काय येतं ते जुन्या आणि नव्या प्रोटोकॉलने मोजा, ग्रिड दोन-दोन मिमीने सरकवत मोजा. मग तेलाची नळी काढून एनएए आणि कोलीनचं गुणोत्तर बॉक्सच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत व्हॉक्सेलगणिक काढा. द्रावण सगळीकडे एकच असल्याने हा आलेख सपाट यायला हवा. तो कडेला किती वाकतो, तेवढ्या ओळी रुग्णाच्या स्कॅनमध्ये वाचायच्या नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

नवे आकडे हातात आले की अहवालाच्या नमुन्यात व्हॉक्सेलचा नाममात्र आकार आणि त्याच्या शेजारी प्रत्यक्ष रुंदी, दोन्ही छापा. २४ × २४ साठी "६.७ मिमी नाममात्र, १३ मिमी प्रत्यक्ष" एवढी एक ओळ असली की बायोप्सीची जागा निवडणाऱ्या शल्यचिकित्सकाला किती मिलिमीटरवर विसंबायचं ते कळतं.